सहप्रवाशाविषयी संशय आला तर? सांगण्याचे कर्तव्य आणि त्याच्या मर्यादा

नवी दिल्ली : मंगळूरुच्या विमानतळावर अवघ्या अडीच वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना परस्परांशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. २० जानेवारी २०२० रोजी तेथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना एक बेवारस बॅग आढळली. तपासणीत तिच्यात स्फोटक उपकरण असल्याचे निष्पन्न झाले. ती बॅग मोकळ्या मैदानात नेऊन उपकरण निष्प्रभ करण्यात आले आणि मोठा अनर्थ टळला. त्याच विमानतळावर १४ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबईला निघालेल्या विमानातील एका महिलेची नजर सहप्रवाशाच्या मोबाइलवर आलेल्या संदेशावर पडली. तिला तो संशयास्पद वाटला आणि तिने विमान कर्मचाऱ्यांना कळवले. उड्डाणाच्या तयारीत असलेले विमान मागे फिरवण्यात आले, सर्व प्रवाशांना उतरवून सामानाची कसून झडती घेण्यात आली. हाती काहीच लागले नाही. तो तरुण आपल्या मैत्रिणीशी संदेशांतून थट्टामस्करी करीत होता आणि तीही बंगळूरुला जाण्यासाठी त्याच विमानतळावर आलेली होती. चौकशीत अडकल्याने तरुणाला त्या विमानाने जाता आले नाही, मैत्रिणीचे विमान चुकले आणि इतर प्रवासी सुमारे सहा तास खोळंबले.

पहिल्या घटनेत दक्षतेने जीव वाचवले. दुसऱ्या घटनेतही दक्षताच होती, परंतु तिची किंमत निरपराध व्यक्तींना मोजावी लागली. विमानतळावर सहप्रवाशाविषयी शंका आल्यास ती सुरक्षा यंत्रणेला कळवावी काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण ‘अर्थातच’ असे देतील. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. काय कळवावे, कोणाला कळवावे, कोणत्या शब्दांत कळवावे आणि कळवणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते, हे ठरवणे तितकेसे सोपे नाही.

गप्प राहण्याची किंमत

कळवण्याचे कर्तव्य नाकारता येणार नाही, हे इतिहासाने वारंवार दाखवले आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडनजीक अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्या बॅगेत बॉम्ब होता, ती कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका प्रवाशाने हट्ट धरून पुढील विमानासाठी रवाना करवून घेतली होती. तो प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. काउंटरवरील कर्मचाऱ्याने प्रथम नकार दिला होता, पण त्या प्रवाशाच्या आग्रहापुढे तो नकार टिकला नाही. प्रवासी आणि त्याचे सामान एकाच विमानात असलेच पाहिजे, या नियमाला आज जे महत्त्व आहे, त्यामागे ही शोकांतिका उभी आहे.

याउलट, २२ डिसेंबर २००१ रोजी पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात जळालेल्या काडीचा वास आल्याने एक हवाई सेविका सावध झाली. एक प्रवासी आपल्या बुटात दडवलेल्या स्फोटकाची वात पेटवण्याच्या प्रयत्नात असल्याचे तिच्या लक्षात आले. कर्मचारी आणि प्रवाशांनी मिळून त्याला जखडून ठेवले आणि विमान सुखरूप उतरले.

या उदाहरणांत एक समान धागा आहे. व्हँकूव्हरमध्ये खटकण्यासारखी गोष्ट होती ती नियमाविरुद्धचा हट्ट, मायामीच्या विमानात जळण्याचा वास, तर मंगळूरुच्या पहिल्या घटनेत धनी नसलेली बॅग. कोणाचा चेहरा, पेहराव वा भाषा नव्हे, तर प्रत्यक्ष कृती किंवा वस्तू संशयाच्या मुळाशी होती. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत बेवारस वस्तूंविषयी जी उद्घोषणा वर्षानुवर्षे ऐकू येते, तीही वस्तूकडेच लक्ष वेधते, माणसाकडे नव्हे.

संशयाची चूक कोठे होते

ऑगस्ट २००६ मध्ये अटलांटिकपार जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर काही दिवसांतच स्पेनमधील मालागा येथून मँचेस्टरला निघालेल्या विमानात आशियाई वंशाचे दोन तरुण असल्याचे पाहून काही प्रवाशांनी उड्डाणास नकार दिला. ते अरबी बोलत असल्याचा त्यांचा समज झाला होता. अखेर त्या दोघांना उतरवण्यात आले. त्यांच्याविरुद्ध काहीही आढळले नाही. येथे प्रवाशांनी केवळ शंका कळवली नाही, तर निर्णयही स्वतःच घेतला आणि तो यंत्रणेवर लादला.

मे २०१६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाहून निघालेल्या एका छोट्या विमानात शेजारचा प्रवासी कागदावर अगम्य चिन्हे लिहीत असल्याचे पाहून एक महिला अस्वस्थ झाली. विमान परत आणून त्या प्रवाशाची चौकशी करण्यात आली. तो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा इटालियन प्राध्यापक होता आणि विकलन समीकरणे सोडवीत होता. भारतात जून २०२३ मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेल्या विमानातील एका महिलेला सहप्रवाशाच्या फोनवरील बोलण्यात ‘बॉम्ब’ हा शब्द ऐकू आला. विमानाची तपासणी झाली आणि त्या प्रवाशाला अटकही झाली. त्याने पोलिसांना सांगितले की, सामानातील नारळ सुरक्षा तपासणीत अडवल्याची हकिगत तो आपल्या आईला सांगत होता.

या घटनांतील तक्रारदार दुष्ट होते, असे म्हणता येणार नाही. त्यांना खरोखरच भीती वाटली होती. परंतु भीती वाटणे हा धोक्याचा पुरावा नव्हे. हावभावांवरून मनातील हेतू ओळखणे प्रशिक्षित अधिकाऱ्यांनाही कठीण जाते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने प्रवाशांच्या वर्तनाचे निरीक्षण करून संशयित हेरण्याचा कार्यक्रम राबवला आणि २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च केले. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ मध्ये सहा दशकांतील चारशेहून अधिक अभ्यासांचा आधार घेऊन निष्कर्ष काढला की, वर्तनाच्या खुणांवरून फसवणूक ओळखण्याची माणसाची क्षमता निव्वळ योगायोगाइतकी किंवा त्याहून किंचितच सरस असते. प्रशिक्षितांची ही स्थिती असेल, तर थकलेल्या सामान्य प्रवाशाच्या अंदाजावर किती विसंबावे, याचा विचार करावा लागतो.

येथे साधे अंकगणितही उपयोगी पडते. भारतात २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींहून अधिक होती. त्यातील दर एक लाख प्रवाशांमागे केवळ एकाविषयी चुकीची तक्रार झाली, असे गृहीत धरले तरी वर्षाला सुमारे १,६०० निरपराध व्यक्ती संशयाच्या फेऱ्यात सापडतील. म्हणजे रोज चारहून अधिक. ‘तपासून पाहिले तर बिघडले काय’ हा युक्तिवाद एका घटनेपुरता निरुपद्रवी वाटतो. परंतु हा भार समाजात समप्रमाणात वाटला जात नाही. विशिष्ट धर्माचे, प्रांताचे, भाषेचे किंवा वर्णाचे लोक तो पुन्हा पुन्हा वाहतात. शिवाय खोट्या इशाऱ्यांत गुंतलेले मनुष्यबळ खऱ्या धोक्याच्या वेळी अपुरे पडण्याची शक्यता असते. त्यामुळे अविचारी तक्रार ही सुरक्षेच्या दृष्टीनेही फायद्याची ठरत नाही.

तक्रारीनंतर काय घडते

भारतातील नागरी विमान सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग ठरवतो. डिसेंबर १९९९ मधील काठमांडू-दिल्ली विमानाच्या अपहरणानंतर, २००० पासून विमानतळांची प्रत्यक्ष सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. बॉम्बची धमकी किंवा तत्सम माहिती मिळाल्यास विमानतळावरील धोका मूल्यांकन समिती तिचा विचार करते आणि ती माहिती ‘विशिष्ट’ आहे की ‘अविशिष्ट’ हे ठरवते. माहिती विशिष्ट मानली गेल्यास विमान निर्जन भागात नेणे, प्रवासी उतरवणे, सामानाची ओळख पुन्हा पटवणे आणि झडती घेणे असा क्रम सुरू होतो.

या कार्यपद्धतीचा नैतिक अर्थ महत्त्वाचा आहे. निर्णय घेण्याचे काम यंत्रणेचे आहे, मात्र तो निर्णय ज्या माहितीवर उभा राहतो ती प्रवाशाने पुरवलेली असते. ‘तो फोनवर बॉम्ब हा शब्द उच्चारत होता, मागचे-पुढचे बोलणे मला ऐकू आले नाही’ हे निवेदन आणि ‘तो बॉम्बविषयी बोलत होता’ हे निवेदन यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात निरीक्षणाबरोबर त्याची अपूर्णताही सांगितलेली आहे, तर दुसऱ्यात अनुमानालाच वस्तुस्थितीचे रूप दिले आहे. अधिकारी योग्य निर्णय घेऊ शकतील की नाही, हे बऱ्याच अंशी या फरकावर अवलंबून असते.

कायद्याची भूमिका

नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस येथून फिनिक्सला जाणाऱ्या विमानातून सहा इमामांना उतरवण्यात आले. त्यांनी विमानतळावर नमाज पढल्याने आणि इतर काही गोष्टींमुळे सहप्रवाशांना शंका आली होती. चौकशीअंती त्यांना सोडून देण्यात आले. त्यांनी दाखल केलेल्या दाव्यात तक्रार करणाऱ्या अज्ञात प्रवाशांचाही उल्लेख होता. त्यामुळे नागरिक पुढे माहितीच देणार नाहीत, अशी भीती व्यक्त झाली आणि २००७ मध्ये अमेरिकी संसदेने प्रामाणिक हेतूने व वाजवी संशयावरून माहिती देणाऱ्यास दिवाणी दाव्यापासून संरक्षण दिले. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. इमामांचा दावा २००९ मध्ये तडजोडीने मिटला.

भारतीय कायद्याचा कलही असाच आहे. एखाद्याला त्रास व्हावा म्हणून लोकसेवकाला खोटी माहिती देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ अन्वये गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानांना बॉम्बच्या शेकडो खोट्या धमक्या मिळाल्यानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती करून अशा खोट्या माहितीबद्दल व्यक्तीस एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करण्यात आली. प्रामाणिक चूक आणि हेतुपुरस्सर खोटेपणा यांत कायदा भेद करतो. मात्र ‘सद्भाव’ म्हणजे केवळ चांगला हेतू नव्हे. योग्य ती काळजी व लक्ष न देता केलेली किंवा मानलेली गोष्ट सद्भावाने केली असे म्हणता येणार नाही, अशी व्याख्या न्याय संहितेत आहे. हेतू शुद्ध असणे पुरेसे नसून विचारही काळजीपूर्वक झालेला असला पाहिजे, ही कसोटी नीतीच्या दृष्टीनेही स्वीकारण्याजोगी आहे.

कळवण्यापूर्वीचे चार प्रश्न

मग प्रवाशाने करावे काय? धोका समोर स्पष्ट दिसत असेल, तर विचारमंथनाला वेळ नसतो. बेवारस बॅग, तारा जोडलेली वस्तू, सुरक्षा तपासणी टाळण्याचा प्रयत्न किंवा सामान दुसऱ्याच्या हाती सोपवून निघून जाणे अशा बाबी तत्काळ कळवाव्यात. वस्तूला हात लावू नये. इतर प्रसंगी मात्र स्वतःला काही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

पहिला प्रश्न : मी प्रत्यक्ष काय पाहिले किंवा ऐकले? ते क्रियापदांत सांगता येत नसेल आणि केवळ ‘तो विचित्र वाटतो’ एवढेच उरत असेल, तर ती माहिती नसून भावना आहे. दुसरा प्रश्न : हीच कृती माझ्यासारख्या दिसणाऱ्या, माझीच भाषा बोलणाऱ्या व्यक्तीने केली असती, तर मी तक्रार केली असती काय? उत्तर नकारार्थी असेल, तर संशय कृतीवर नसून ओळखीवर बेतलेला आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर केवळ पूर्वग्रहाचा ठपका येईल या संकोचाने गप्प राहणेही योग्य नव्हे. तिसरा प्रश्न : ही माहिती मला कशी मिळाली? दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावणे अनुचितच आहे. तरीही गंभीर मजकूर नजरेस पडला असेल, तर तो अर्धवट दिसला होता, हेही सांगितले पाहिजे. चौथा प्रश्न : मी योग्य व्यक्तीलाच सांगत आहे काय? सुरक्षा जवान किंवा विमान कर्मचारी यांना शांतपणे सांगणे म्हणजे माहिती देणे होय. शेजारच्या प्रवाशांत कुजबुज पसरवणे, त्या व्यक्तीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे किंवा तिला उतरवण्याचा आग्रह धरणे म्हणजे निवाडा करणे होय, आणि तो अधिकार प्रवाशाला नाही.

निर्दोष ठरलेल्याचे काय?

जबाबदारी एकट्या तक्रारदाराची नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत बॉम्बची थट्टा करणे हा विनोद नव्हे, याचे भान प्रत्येक प्रवाशाने ठेवले पाहिजे. यंत्रणेनेही चौकशी शक्यतो इतरांच्या नजरेआड, सभ्य भाषेत आणि लवकरात लवकर पूर्ण केली पाहिजे. ज्याच्याविरुद्ध काहीही आढळले नाही, त्याला पुढील विमानात विनामूल्य जागा देणे, दिलगिरी व्यक्त करणे आणि शंका निराधार ठरल्याचे लेखी देणे या गोष्टी अवघड नाहीत. सर्वांच्या सुरक्षिततेसाठी त्याने वेळ आणि मनःस्वास्थ्य खर्ची घातलेले असते. अटकेची बातमी सर्वत्र पोहोचते, सुटकेची बातमी मात्र क्वचितच तितक्या ठळकपणे येते. प्रसारमाध्यमांनीही हे ध्यानात घेणे गरजेचे आहे.

मंगळूरुच्या दोन घटनांमधील फरक यशापयशाचा नाही. बेवारस बॅगेत केवळ कपडे निघाले असते, तरी ती कळवणे योग्यच ठरले असते, कारण तेथे तपासण्याजोगी वस्तू होती आणि कोणाच्याही प्रतिष्ठेला धक्का लागत नव्हता. माणसाविषयी सांगताना मात्र चुकीचा भार दुसऱ्या माणसावर पडतो. म्हणूनच तेथे शब्द अधिक मोजून वापरावे लागतात आणि पाहिलेले व गृहीत धरलेले यांतील रेषा सांगणाऱ्यालाच आखावी लागते.