वेणी बारीक झाली? तीन महिने मागे बघा

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या. भाकरी थापता थापता ऐकता येईल, असाच विषय आज घेतला आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या आणि एक ताई हळूच म्हणाली, "मला दोन हजार रुपये कर्ज हवंय." कशाला, ते सांगेना. शेवटी तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि वेणी पुढे घेतली. करंगळीएवढी उरली होती. बाजारात एका विक्रेत्यानं तिला तीन बाटल्या तेलाचा 'कोर्स' सांगितला होता. घरात सासूबाई म्हणत होत्या, "तुझ्या आईचंच डोकं विरळ, तुझं काय वेगळं होणार?"

एकाचं म्हणणं, तेल लाव. दुसरीचं म्हणणं, रक्तातच आहे. खरं काय, ते आज समजून घेऊ. आपण शेतात राबणाऱ्या बाया, तेव्हा शेताच्याच भाषेत बोलू. पिकाला बियाणं लागतं, जमीन लागते आणि राखण लागते. केसांचंही तसंच आहे.

बियाणं : आईवडिलांकडून आलेलं

केस सरळ की कुरळे, जाड की बारीक, पांढरे कधी होणार, हे बरंचसं जन्मतःच ठरलेलं असतं. टक्कल फक्त आईच्या वडिलांकडून येतं, असं आपल्याकडे म्हणतात. ते अर्धवट खरं आहे. हा वारसा आई आणि वडील, दोघांच्याही घराण्यातून येतो, आणि एकाच घरातल्या दोन बहिणींना तो सारखा मिळेल असंही नाही.

वारशानं होणारी विरळता ओळखायची कशी? ती सावकाश, वर्षानुवर्षं येते. भांगाची रेघ रुंद होत जाते, केस बारीक होत जातात. त्यात त्या बाईची काही चूक नसते. डॉक्टरांकडे त्यावर औषधं आहेत, पण गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर विचारल्याशिवाय कुठलंही घेऊ नका.

आणखी एक. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं. बाहेर दिसतो तो धागा निर्जीव असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. त्यामुळे बाळाचं जावळ काढल्यानं पुढचे केस दाट येत नाहीत, आणि एक पांढरा केस उपटल्यानं चार पांढरे होत नाहीत.

जमीन : आपलं शरीर

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेक केस काही वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज 50 ते 100 केस गळणं म्हणजे झाडाची पिकली पानं गळण्यासारखं आहे. त्याला घाबरायचं नाही.

पण शरीराला मोठा दणका बसला, की पुष्कळ केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. दणका कसला? बाळंतपण, जोराचा ताप, ऑपरेशन, उपासमार, मोठा मानसिक धक्का. 'बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात,' असं जुन्या बाया म्हणतात. त्यांचा हिशोब बरोबर आहे, कारण तोवर बाळ तीन महिन्यांचं झालेलं असतं. दोष मात्र बाळाच्या हसण्याचा नाही आणि कुणाच्या नजरेचाही नाही. बहुतेक बायांचे हे केस वर्षभरात परत येतात.

म्हणून आम्ही त्या ताईला एकच प्रश्न विचारला, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" ती आठवून म्हणाली, "डेंग्यू झाला होता की!"

गोष्ट तिथेच संपली नाही. आशाताईंनी तिला उपकेंद्रात नेलं आणि रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.4 निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं ते 12 तरी हवं, गरोदर बाईचं 11. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 बायांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या वीस जणींच्या गटात दहा-अकरा जणी. लोह कमी पडलं की शरीर ते आधी जिवाच्या कामाला वापरतं, केसांच्या वाट्याला शेवटी येतं. अगदी तसंच, जसं घरात सगळ्यांचं झाल्यावर आपण शेवटी जेवायला बसतो, आणि डाळीच्या भांड्यात तोवर नुसतं पाणी उरलेलं असतं.

तेव्हा वेणीची गोष्ट ताटापाशी येते. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, तीळ, हळीव, शेवग्याचा पाला, जमेल तिला अंडी आणि मासे. वर लिंबू पिळा किंवा आवळा घ्या, लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तास-दीड तास थांबा. फक्त आहारानं इतकी कमतरता भरून निघत नाही, म्हणून लोहाच्या गोळ्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शौचाला काळी होते, त्याला भिऊ नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर एका बाजूनं भरायचं आणि दुसऱ्या बाजूनं गळायचं.

कधी कारण सगळ्या गावाचं मिळून असतं. 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरातल्या गावांमध्ये लहानथोरांचे केस काही दिवसांतच पुंजक्यानं गळाले. आधी शाम्पूवर आणि पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात आणि त्यांच्या खाण्यातल्या गव्हात सेलेनियम हे खनिज फार जास्त आढळलं. अनेक घरांत एकदम असं झालं, तर लाजून घरात बसू नका. ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राला कळवा.

राखण : आपले हात

तेलानं नवे केस उगवत नाहीत. मग लावायचं कशाला? खोबरेल तेलानं केसाचा धागा कमी झिजतो, कमी तुटतो. न्हाण्याआधी थोडं साधं तेल पुरे. कोंडा असेल तर रात्रभर चोपडून ठेवू नका.

कपड्यांचा साबण डोक्याला नको. शिकेकाई, रिठा किंवा साधा शाम्पू, जे परवडेल ते चालेल. ओले केस मोठ्या दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर सोडवत आणा. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा नको. मुलींच्या शाळेच्या वेण्या इतक्या ताणून घालू नका, की कपाळाची कातडी ओढली जाईल. रोजच्या ताणानं कानाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. डोक्यावर हंडा, भारा असेल तर चुंबळ मऊ आणि जाड ठेवा.

उवांसाठी रॉकेल कधीच नको. कातडी भाजते, पेट घेण्याची भीती असते. उवांचं औषध विचारून आणा, बारीक फणी फिरवा आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी बघा. काळा रंग लावायच्या दोन दिवस आधी कानामागे थोडा लावून पाहा. खाज किंवा सूज आली तर तो रंग आपला नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? गोल चकती पडून चाई लागली तर. ती किड्यानं होत नाही आणि शिवल्यानं लागतही नाही. डोक्यात खवले किंवा पू असेल, केस सहा महिन्यांहून अधिक गळत असतील, पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येत असतील, किंवा सारखा थकवा वाटून वजन बदलत असेल, तर थांबू नका.

त्या ताईनं शेवटी कर्ज घेतलंच नाही. गोळ्या फुकट मिळाल्या. वेणी अजून पहिल्यासारखी जाड झालेली नाही, पण कपाळाशी बोटभर नवे केस उभे राहिलेत. आणि आता ती सगळ्यांबरोबर जेवायला बसते, एवढं तिनं घरात मिळवलं आहे.

पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीत एक रकाना वाढवा आणि त्यात प्रत्येकीचं हिमोग्लोबिन लिहा. आशाताईंना त्या दिवशी बोलावून घ्या. बियाणं आपल्या हातात नाही, पण जमीन आणि राखण आपलीच आहे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.