कोरड्या शहरातला डास

सप्टेंबर 2018 मध्ये जयपूरच्या शास्त्रीनगर भागात झिका विषाणूचा रुग्ण सापडला. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत राजस्थानातली रुग्णसंख्या दीडशेच्या वर गेली. त्यात साठहून अधिक गरोदर स्त्रिया होत्या, आणि खरी काळजी त्यांचीच होती, कारण ब्राझीलमध्ये झिकामुळे लहान डोक्याची बाळं जन्मल्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरू लागले. त्यांची नजर गटारांपेक्षा कूलर, पाण्याच्या टाक्या, कुंड्या आणि परिंडे यांच्यावर होती. परिंडा म्हणजे पक्ष्यांसाठी झाडाला किंवा गच्चीत टांगलेलं पाण्याचं भांडं. जयपुरात उन्हाळा लागला की गल्लोगल्ली परिंडे बांधले जातात.

झिका, डेंग्यू आणि चिकुनगुनिया हे तिन्ही आजार पसरवणारा मुख्य डास एकच, एडिस इजिप्ती. दलदल, पूर, तुंबलेली गटारं यांची त्याला गरज नाही. त्याला लागतं स्वच्छ, साठवलेलं, न हलणारं पाणी. म्हणून ज्या शहरात पाणी जपून वापरावं लागतं, तिथे तो जास्त सुखात असतो. जयपूरची तहान आज टोंक जिल्ह्यातलं बीसलपूर धरण भागवतं. नळाला पाणी ठरावीक वेळच येतं, त्यामुळे घरोघरी ते भरून ठेवावंच लागतं. नळ येतो तेव्हा सगळी भांडी भरून घेणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

या डासाचा पूर्वज आफ्रिकेच्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढायचा आणि जनावरांचं रक्त प्यायचा. मग तो माणसाच्या मागे का लागला? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या 27 ठिकाणांहून या डासाची अंडी जमवून प्रयोगशाळेत डास वाढवले आणि त्यांच्यापुढे माणसाचा व प्राण्यांचा वास ठेवला. 2020 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, जिथला कोरडा ऋतू लांब आणि कडक, तिथल्या डासांना माणसाचा वास जास्त प्यारा. दाट वस्तीचाही परिणाम दिसला, पण हवामानाहून कमी. संशोधकांच्या मते त्याचं कारण असं. लांबलचक उन्हाळ्यात रानातलं पाणी आटतं, उरतं ते माणसाच्या रांजणातलं. डास त्या रांजणाजवळ राहिला आणि रांजणाच्या मालकाला चावायला शिकला.

कूलरच्या टाकीत डोकावून पाहिलं तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर पत्र्यावर काळे ठिपके चिकटलेले असतात, मिरपुडीसारखे. तीच अंडी. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि ती सगळी एका जागी न ठेवता तीन-चार भांड्यांत वाटून टाकते. पाण्यात अळ्या डोकं खाली आणि शेपटीकडची श्वासनळी वर करून लटकत असतात. टॉर्चचा झोत पडला की वळवळत तळाला जातात, थोड्या वेळाने श्वासासाठी परत वर येतात. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास हा प्रवास उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवसांत पुरा होतो.

यात एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात. पुन्हा पाणी चढलं की अळ्या बाहेर. त्यामुळे टाकीतलं पाणी नुसतं ओतून दिलं तर काम अर्धंच होतं. काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतल्या भिंती खरवडल्या पाहिजेत. जयपुरात एप्रिल ते जून कूलर घरघरत असतो. जुलैत हवेतली आर्द्रता वाढली की त्याचा उपयोग उरत नाही, तो बंद होतो आणि तळाचं पाणी तसंच राहतं. रुग्ण वाढतात ते पावसाच्या शेवटी आणि त्यानंतर. जुन्या वैद्यांनी शरदाला आजारांचा ऋतू मानलं होतं, ते निरीक्षण आजही खरं ठरतं.

याच दिवसांत घरोघर काढे उकळू लागतात. गुळवेल, पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध. लोक हे आपुलकीने करतात, त्याची थट्टा करण्याचं कारण नाही. पण यातल्या कशानेही डेंग्यू टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. पपईच्या पानांनी प्लेटलेट वाढतात असं सांगणारे काही छोटे अभ्यास आहेत, तेवढ्यावर कुणी विसंबून राहू नये. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद असला तरी यकृताचा त्रास असलेल्याने मनाने गुळवेल घेऊ नये, हे उत्तम. राष्ट्रीय आयुर्वेद संस्था 1976 पासून जयपुरातच आहे, आणि आयुर्वेदातही औषधाआधी दिनचर्या आणि ऋतुचर्या येते. निसर्गाच्या कलाने निरोगी राहायचं असेल तर डासाच्या आठवड्याचं वेळापत्रक मोडणं हा माझ्या मते सगळ्यात नैसर्गिक उपाय आहे. त्याला पैसेही लागत नाहीत.

जिथे पाणी ओतून देता येत नाही, तिथे निसर्गातले इतर मदतनीस आहेत. गप्पी मासे हौदातल्या अळ्या फस्त करतात. मात्र ते तळ्यात किंवा नदीत सोडू नयेत, स्थानिक माशांवर संकट येतं. 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला एक जिवाणू अळीच्या पोटात गेला की तिचं आतडं फाडतो, माणसाला आणि माशांना त्याचा त्रास नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले डास सोडले, तेव्हा त्या भागांत डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी झाला. धूर फवारणीची मात्र मागणी होते तेवढा तिचा उपयोग नाही. धुराने उडते डास मरतात, अंडी-अळ्यांना काही होत नाही, आणि एडिस तर पडद्यामागे, पलंगाखाली बसलेला असतो.

महाराष्ट्राला हे दूरचं वाटू नये. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि 2024 च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवण्यापासून झिका पसरला. आपल्याकडे कूलर कमी असतील, पण तुळशीच्या कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, बाटलीतला मनी प्लँट, गच्चीतले टायर घरोघर आहेत.

ताप आला तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, पेज, ताक भरपूर घ्या आणि रक्त तपासून घ्या. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर काढा करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणि आठवड्यातला एक वार ठरवून कोरडा दिवस पाळा. प्रत्येक भांडं रिकामं करा, घासा, उन्हात वाळवा, मगच भरा. पिंप झाकणाने नाहीतर घट्ट बांधलेल्या कापडाने झाका. पक्ष्यांचं भांडं काढून टाकू नका, त्यांना पाणी हवंच आहे, फक्त ते रोज बदला आणि भांडं घासून ठेवा. हा डास फार तर काहीशे मीटर उडतो, म्हणून शेजाऱ्यालाही त्याच दिवशी हे करायला सांगा.