सर्किट-बोर्डाची फिल्म व मापाची पट्टी

गेल्या वर्षीं आमच्या विज्ञान-मंडळानें घरच्या घरीं सर्किट-बोर्ड करण्याचा उद्योग आरंभिला. बोर्ड दिसावयास रेखीव झाला. परंतु चाळीस पायांची चिप त्यावर बसेना. पहिले पाय भोंकांत गेले, शेवटचे अडून राहिले. दोष कोठें होता हें आमच्या बालमित्रांस सांगावें, म्हणून हा लेखप्रपंच.

या कृतींत आराखडा प्रथम पारदर्शक फिल्मवर काळ्या रेघांनीं छापतात. मग प्रकाशानें पालटणारा लेप दिलेल्या तांब्यावर ती ठेवून अतिनील उजेड देतात. उजेड लागलेला लेप कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणांत निघून जातो, रेघांखालचा टिकतो. पुढें फेरिक क्लोराइडमध्यें उघडें पडलेलें तांबें विरघळतें. हीं द्रावणें वडील माणसांच्या देखत, हातमोजे व चष्मा घालूनच हाताळावीं.

ही विद्या आपल्या जिल्ह्यास परकी नाहीं. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं छपाईचे ब्लॉक करण्याच्या व्यवसायांत होते. तसल्या ब्लॉकांतहि चित्र उजेडाच्या साहाय्यानें धातूवर उतरवून नको तो भाग तेजाबानें खाववीत.

आतां आमची चूक पाहूं. चिपच्या दोन पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर. एका ओळींत वीस पाय, म्हणजे एकोणीस अंतरें, एकूण ४८.२६ मिलिमीटर. छाप शेंकडा एकानें आखडली, तर शेवटच्या पायाशीं जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक पडतो. लेझर छपाईयंत्रांतील उष्णतेनें फिल्म आखडते. शिवाय ‘पानांत बसवा’ ही सोय चालू राहिल्यास संगणक आपण होऊनच आराखडा लहान करतो.

उपाय सोपा आहे. ती सोय बंद करून शंभर मिलिमीटरांच्या दोन रेघा, एक उभी व एक आडवी, फिल्मवर छापाव्या व मोजाव्या. आमची उभी रेघ ९९ भरली; म्हणून उभें माप १०१ टक्के करून पुन्हां छापलें व पुन्हां मोजलें. छापलेली बाजू तांब्यास भिडली पाहिजे, नाहींतर फिल्मच्या जाडींतून उजेड रेघेखालीं शिरतो. याकरितां आराखडा आरशांतल्यासारखा उलटा छापावा. काळेपणा दिव्यासमोर धरून तपासावा. तो विरळ दिसल्यास दोन फिल्मा तंतोतंत जुळवून वापराव्या.

दुसऱ्या बोर्डावर चिप सहज बसली. पहिला बोर्ड आम्हीं टाकिला नाहीं. तो प्रयोगशाळेंत मोजपट्टीशेजारीं टांगून ठेविला आहे.