आमरी ओळखावी ओठावरून

सह्याद्रीत मे-जून महिन्यांत झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. त्यांना गावोगावी सीतेची वेणी, द्रौपदीची वेणी अशी नावे असली, तरी एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या आमरी, म्हणजे ऑर्किड, सहज मोडतात. काहीजण तर त्यांना बांडगूळच समजतात. प्रत्यक्षात आमरी झाडाचा नुसता आधार घेते, त्याचा रस शोषत नाही.

आमरीच्या फुलात तीन संदले, म्हणजे बाहेरची दले, आणि तीन पाकळ्या असतात. त्यांपैकी एक पाकळी इतरांहून निराळी असते. तिला ओठ म्हणतात. बहुतेक जातींत कळी वाढताना देठाला पीळ पडतो आणि ओठ खालच्या बाजूला येतो. पुष्कळ जातींत ओठाच्या बुडाशी शुंडिका, म्हणजे पोकळ नळी किंवा पिशवी असते. उन्हाने आणि वयाने रंग फिकटतो. ओठाची घडण आणि शुंडिकेचे वळण मात्र सहसा बदलत नाही, कारण परागीभवन करणाऱ्या कीटकाची ये-जा त्यावर अवलंबून असते.

वेण्यांचेच पाहा. ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसाच्या पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके असतात आणि एरिडिस मॅक्युलोजाच्या फुलांवरही असतात. ठिपके बघून नाव सांगणारा इथे हमखास फसतो. रेट्युसाचा घोस भरगच्च आणि गोलसर असतो, ओठ अखंड असतो आणि त्यामागे चपटी पिशवी असते. आसामचे राज्यपुष्प असलेले, बिहूत केसांत माळले जाणारे कोपौ फूल ते हेच. एरिडिसचा ओठ तीन भागांचा असतो आणि शुंडिका शिंगासारखी पुढे वळते. मॅक्युलोजात ओठाचा मधला भाग रुंद, गडद गुलाबी आणि सरळ कडेचा असतो, तर एरिडिस क्रिस्पात तो झालरीसारखा कातरलेला असतो. क्रिस्पाचे फूल मोठे, खोड लांब आणि घोस विरळ असतो.

डेंड्रोबियमच्या दोन जातींत मात्र रंग कामी येतो. बार्बाट्युलम आणि ओव्हॅटम दोन्ही हिवाळ्याच्या सुमारास निष्पर्ण कांड्यांवर फुलतात. बार्बाट्युलमची फुले मोठी आणि शुभ्र, क्वचित गुलाबी झाक असलेली, तर ओव्हॅटमची लहान, पिवळसर आणि ओठाकडे हिरवट असतात.

जमिनीवरच्या हॅबेनेरियांत आधी पान पाहावे. पहिल्या पावसात पठारांवर उगवणाऱ्या ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसची एकच, फार तर दोन, गोलसर पाने जमिनीला चिकटलेली असतात. ओल्या कातळकड्यांवरच्या रॅरिफ्लोराची पाने अनेक आणि निमुळती असतात. दोन्हींची फुले पांढरीच, म्हणून वरून घेतलेल्या फोटोत गफलत होते. हेनियानाचा तुरा एका बाजूनेच फुलतो, त्यामुळे तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात. लाँगिकॉर्निक्युलाटाची शुंडिका तर दहा सेंटीमीटरहूनही लांब असते.

अभ्यासकांच्या हाताशी सांतापाऊ आणि कपाडिया यांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा 1966 सालचा ग्रंथ आजही असतो. ओळख पटवण्यासाठी रोप उपटण्याची गरज नसते. फुलाचा समोरून एक आणि शुंडिका दिसेल असा बाजूने एक, पानाच्या टोकाचा एक आणि आधाराच्या झाडासह एक, एवढे फोटो बहुतेक वेळा पुरतात.