पाचशे प्रतींची तबकडी

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या एका चर्चमध्ये पन्नासेक तरुण-तरुणी ध्वनिमुद्रणासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना चिंता होती प्रवासखर्चाची. ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या कृष्णवर्णीयांच्या पेंटेकोस्टल पंथाचा युवक मेळावा वॉशिंग्टनला भरणार होता. तिथे जायला पैसे हवेत, म्हणून दोन ट्रॅकच्या साध्या यंत्रावर एक एलपी काढायची आणि ओळखीपाळखीत खपवायची. बेत जेमतेम पाचशे प्रतींचा. या वृंदाचा सूत्रधार एडविन हॉकिन्स ओकलंडचा. लहानपणापासून घरच्या गाणाऱ्या मंडळींना पियानोची साथ करत आलेला. बेटी वॉटसनबरोबर त्याने १९६७ साली हा वृंद उभा केला होता.

या एलपीत ‘ओ हॅपी डे’ होतं. त्याचे मूळ शब्द फिलिप डॉड्रिज या इंग्लिश धर्मोपदेशकाचे. प्रवचनाच्या विषयाला धरून तो स्तोत्र रची आणि प्रवचन आटोपलं की जमलेल्यांकडून ते गाऊन घेई. त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ मध्ये, ही स्तोत्रं छापली गेली. ध्रुवपद जोडलं गेलं ते एकोणिसाव्या शतकात. त्याचं श्रेय एडवर्ड रिंबॉल्टला देतात.

हॉकिन्सने डॉड्रिजची कडवी सरळ गाळली. ध्रुवपद तेवढं ठेवलं, तीन मात्रांची चाल चार मात्रांत बसवली, नवे स्वरमेळ घातले आणि पियानोला लॅटिन ढंग दिला. नुसते शब्द वाचले तर हाती फारसं काही लागत नाही, इतके ते थोडे आहेत. सगळी करामत पुनरावृत्तीची. मुख्य गायिका डोरोथी मॉरिसन एखादी ओळ जवळजवळ बोलल्यासारखी टाकते, वृंद ती उचलून धरतो, टाळ्या येतात, आवाज चढत जातो. आणि आता शिगेला पोहोचणार असं वाटतं तोच हॉकिन्स सगळ्यांना खाली उतरवतो. ही चढउतार ज्याने बांधली त्याला केवळ ‘संयोजक’ म्हणणं कंजूषपणाचं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या एफएम रेडिओवर गाणं वाजू लागलं आणि पाचशेचा हिशेब कोलमडला. बुद्धा रेकॉर्ड्सने ते आपल्या पॅव्हिलियन लेबलखाली देशभर आणलं. १९६९ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत चौथ्या, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं. पंथातल्या अनेकांना मात्र उपासनेचं गाणं पॉपच्या बाजारात गेलेलं रुचलं नाही. ‘नॉर्दर्न कॅलिफोर्निया स्टेट यूथ क्वायर’ हे लांबलचक नाव जाऊन ‘एडविन हॉकिन्स सिंगर्स’ आलं. मॉरिसनने लवकरच स्वतंत्र वाट धरली.

याच गाण्यावरून गायक-गीतकार जॉर्ज हॅरिसनला ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणं सुचलं, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. गंमत अशी की ते आधी प्रसिद्ध झालं बिली प्रेस्टनच्या आवाजात, १९७० मध्ये, आणि मागे कोरस होता हॉकिन्सच्याच गायकांचा! हॅरिसनवर पुढे उसनवारीचा खटला गुदरला, तो मात्र ‘हीज सो फाइन’ या वेगळ्याच पॉप गाण्यावरून. १९७६ मध्ये न्यायालयाने त्याला अजाणता केलेल्या नकलेबद्दल दोषी ठरवलं. डॉड्रिजच्या वारसांकडून अशी काही भीती नव्हती; त्या स्तोत्रावरचा हक्क केव्हाच सर्वांचा झाला होता.