बिबट्याची जीपीएस कॉलर

जीपीएस कॉलर हा वन्य प्राण्याच्या गळ्यात बांधला जाणारा, उपग्रहांच्या संकेतांवरून त्याचे स्थान ठरवून नोंदवणारा पट्टा होय. प्राण्याला पुन्हा पकडल्याशिवाय पट्ट्याची बॅटरी बदलता येत नाही. त्यामुळे बॅटरीचे आयुष्य हीच बहुधा अभ्यासाची कालमर्यादा ठरते.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आदी धरणांमुळे येथे उसाचे क्षेत्र वाढले आणि उसाच्या दाट फडांत बिबट्यांना आसरा मिळाला. म्हणून बिबट्या वस्तीजवळ केव्हा येतो, हा येथे सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

बॅटरीचा वापर

कॉलरमध्ये सहसा लिथियमची बॅटरी असते. मोठी बॅटरी अधिक टिकते. परंतु पट्ट्याचे वजन सामान्यतः प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून कमी ठेवतात. दाट झाडी वा दरीत उपग्रहांचे संकेत मिळण्यास वेळ लागतो व वीज अधिक खर्च होते. माहिती दूरवर पाठवण्यासही वीज लागते. समजा, एखादी बॅटरी ८,००० नोंदींना पुरते. तर दर तासाला नोंद घेतल्यास ती सुमारे ३३३ दिवस, तर दर तीन तासांनी घेतल्यास सुमारे १,००० दिवस टिकेल. मात्र विरळ नोंदींत मधल्या हालचाली निसटतात.

अभ्यास

२००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याला संशोधिका विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी कॉलर लावली. जुन्नर तालुक्याच्या सीमेवरील माळशेज घाटात सोडल्यावर तो मुंबईच्या दिशेने गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात महाराष्ट्रातील चार व हिमाचल प्रदेशातील एका बिबट्याच्या नोंदी आहेत. त्यांची ताशी हालचाल रात्री सरासरी ३३९ मीटर, तर दिवसा ६० मीटर होती. दाट वस्तीतील तीन बिबट्यांच्या रात्रीच्या २० टक्के नोंदी घरांपासून २५ मीटरच्या आत होत्या. दिवसाच्या १ टक्क्याहूनही कमी. केवळ दिवसा नोंदी घेऊन वीज वाचवली असती, तर हा वावर दिसलाच नसता.

मायक्रोचिप

त्वचेखालील मायक्रोचिपला बॅटरी लागत नाही. वाचकयंत्राच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातूनच तिला ऊर्जा मिळते. ती स्थान सांगत नाही, केवळ ओळख क्रमांक देते. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने मरण पावलेल्या ‘आजोबा’ची ओळख अशाच चिपवरून पटली.