दिवे लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?

सकाळी किल्ली फिरवली, गाडी ढिम्म. सोसायटीतले चार जाणकार बोनेटभोवती जमतात आणि पहिलं निदान ठरलेलं असतं : ‘‘हेडलाइट लागतायत ना? मग बॅटरी ठणठणीत आहे. सेल्फच गेलाय.’’

सगळ्यात महागात पडतो तो हाच गैरसमज. साधे हॅलोजन हेडलाइट दोन्ही मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात. सेल्फला इंजिन फिरवायला शंभरावर अँपिअर लागतात, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. त्यामुळे उतरलेली बॅटरी दिवे लावते, हॉर्नही वाजवते, पण सेल्फ मारला की तिचा दम संपतो. हेडलाइट लावून सेल्फ मारून बघा. दिवे एकदम मंदावले किंवा ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल धड बसलेलं नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली असेल, ते हाताने हलत असेल, तर आधी साफ करून आवळा. पुष्कळदा गाडी तेवढ्यावरच सुरू होते. दिवे लख्ख राहिले आणि एकच ‘टक’ ऐकू आला, तर मात्र सेल्फवर संशय घ्यायला हरकत नाही. मल्टिमीटर असेल तर वादच मिटतो : रात्रभर बंद गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२ च्या खाली काटा गेला तर ती उतरली.

इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीला बोल लावू नये. दोष इंधनात, स्पार्कमध्ये किंवा किल्लीच्या इमोबिलायझरमध्ये शोधावा. सेल्फ मारतच राहिलात तर तो तापतो आणि चांगली बॅटरीही उतरते. आणि काहीच आवाज नसेल? क्लच दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’वर आहे का, हे आधी बघा. मेकॅनिकला बोलावल्यावर हे कळलं की फार ओशाळायला होतं.

‘‘धक्का मारू!’’ ऑटोमॅटिक गाडीला धक्क्याचा उपयोग नाही. मॅन्युअल गाडी धक्क्यावर सुरू होते, पण आजच्या गाड्यांत इंधनपंप आणि ईसीयू विजेवरच चालतात. बॅटरी पार मेलेली असेल तर घाम फुकट जातो.

जंपर केबल लावताना काळी वायर उतरलेल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावायची नसते. ती त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला लावावी. बॅटरीतून हायड्रोजन निघतो; ठिणगी उडायचीच तर त्याच्यापासून लांब उडू दे.

थंडीत बॅटरी बसते हे खरं. पण तिला आतून कुरतडतो तो उन्हाळा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हात तापलेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे दगा देते आणि आळ येतो थंडीवर.

सुरू झालेली गाडी पाच मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवल्याने बॅटरी भरत नाही. निदान अर्धा-पाऊण तास चालवा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच झालं, तर बॅटरी कधी बसवली ती तारीख बघा. चार वर्षं उलटली असतील तर नवी घ्यायची तयारी ठेवा.